बीट पेलं त दम वाढते का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. विदर्भातल्या आर्वीच्या मैदानावर पहाटे पोलीस भरतीची पोरं पळतात आणि मी, ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारा माणूस, स्टॉपवॉच धरून उभा असतो. पळण्यातलं मला काही कळत नाही, तरी हा प्रश्न माझ्याच वाट्याला येतो: "सर, बीट पेलं त दम वाढते म्हन्ते, खरं हाय का?" हल्ली त्याला पुढचा प्रश्न जोडूनच येतो. जिमवाल्यानं बीटच्या पावडरचा डबा दाखवला, घेऊ का?

दम वाढतो, थोडा. डबा घेऊ नका.

इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठात २००९ साली काही तरुणांना सहा दिवस रोज अर्धा लिटर बीटचा रस दिला. जोरात सायकल मारताना ते थकून थांबेपर्यंतचा वेळ १६ टक्क्यांनी वाढला. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण थकेपर्यंत टिकणं वेगळं आणि ठरलेलं अंतर कमी वेळात कापणं वेगळं. तिथे फायदा साधारण १ ते ३ टक्के निघतो, तोही सगळ्यांना नाही. अगदी अव्वल धावपटूंना तर आणखी कमी. पोलीस भरतीचे १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारणाऱ्या पोराचा १ टक्का म्हणजे तीन-सव्वातीन सेकंद. तेवढ्यानेही एखाद्याचे गुण वाढतील, नाही म्हणत नाही. पण हाच गडी पहिल्या राउंडला बेफाम सुटतो आणि तिसऱ्या राउंडला त्याच्या तिप्पट वेळ घालवून बसतो, ते रोज माझ्या घड्याळात दिसतं.

आता हे होतं कसं ते सांगतो, कारण आपल्याकडची खरी गोम इथेच आहे. बीटमधला कामाचा पदार्थ म्हणजे नायट्रेट. लाल रंगाचा इथे संबंध नाही. नायट्रेट आतड्यातून रक्तात जातं आणि त्यातला साधारण पाव हिस्सा लाळग्रंथी ओढून घेऊन परत तोंडात सोडतात. जिभेच्या मागच्या बाजूला राहणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. ही लाळ गिळली की पुढे शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनतं. (याच वायूवरच्या कामाला १९९८चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.) रक्तवाहिन्या सैल होतात आणि तेवढ्याच कामाला स्नायूंना ऑक्सिजन जरा कमी लागतो. या सगळ्याला दोन-तीन तास जातात, त्यामुळे ग्राउंडच्या गेटवर उभं राहून रस ढोसणाऱ्याला त्या दिवशी काहीही मिळत नाही.

म्हणजे सगळा मार्ग लाळेतून जातो. लंडनमध्ये २००८ साली बीटचा रस पाजून लोकांना लाळ थुंकायला लावली, तर रसाने रक्तदाब उतरायचा तो उतरलाच नाही. जंतुनाशक माउथवॉशनेही असाच घोळ होतो. आणि आमची पोरं? ओठाखाली तंबाखू-सुपारीचा खर्रा, दर दोन मिनिटांनी पिचकारी. घरून बीट पिऊन यायचं आणि त्याचा माल भिंतीवर थुंकायचा! खर्ऱ्याने दमाचं आणि तोंडाचं जे वाटोळं होतं ते वेगळंच. तंबाखूत कॅन्सर करणारी नायट्रोसमाइन्स आधीपासूनच असतात. माझ्याकडे येऊन बीटचं विचारणाऱ्याला मी आधी तोंड उघडायला लावतो.

डब्याचं म्हणाल तर पालक, माठ, मुळा यांतही नायट्रेट भरपूर असतं. फक्त ते पाण्यात उतरतं, म्हणून भाजी उकडून पाणी फेकणाऱ्याच्या हाती फार काही उरत नाही. आपली पालकाची पातळ भाजी, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घातलेली, तिच्यात सगळं पाणी ताटातच येतं. मुतखड्याचा त्रास असेल तर मात्र पालक आणि बीट दोन्ही जपून. आणि पोराचं पाहून बापाने रोज ग्लासभर रस सुरू करायचा नाही. बीपीच्या किंवा छातीच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरला विचारायचं.

८०० मीटरवाल्या मुलींच्या आया येतात, त्यांचं म्हणणं दुसरंच: बीटनं रक्त वाढते न सर? नाही वाढत हो. शंभर ग्रॅम बीटमध्ये लोह एक मिलिग्रॅमही नसतं. पोरगी दुसऱ्याच राउंडला पांढरी पडत असेल तर हिमोग्लोबिन तपासा, आणि आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही तपासून घ्या.

एका हुशार पोराने विचारलं, "सर, आमच्या विहिरीच्या पाण्यातच नायट्रेट हाय म्हन्ते, तेच पेतो न मंग?" वर्धा, यवतमाळ, अमरावती, बुलढाणा, सगळीकडे अशी पाणी आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, ती ओलांडलेली. हे नायट्रेट आलं युरियातून, उकिरड्यातून, संडासाच्या खड्ड्यातून, आणि त्या वाटेने ते एकटं येत नाही. घरात वरच्या दुधावरचं तान्हं बाळ असेल तर त्या दुधात हे पाणी अजिबात नको. नायट्राइटमुळे बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद जाते, बाळ निळं पडतं. पाणी उकळलं म्हणजे झालं, असं समजू नका. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही; पाणी आटलं की ते उलट दाट होतं.