सीनेचं पाणी आणि आमची आवृत्ती

ढगफुटी हा शब्द मी आजवर किती वेळा छापला असेल, मोजदाद नाही. चारच अक्षरं, हेडिंगला फिट बसतात. एकदा असाच रात्री साडेअकराला पान सोडताना ठोकून दिला आणि सकाळी एका निवृत्त तलाठ्यांचा फोन आला.

"ताई, तासाभरात १०० मिलिमीटर पडला तर ढगफुटी. आमच्या महसूल मंडळात अख्ख्या रात्रीत ७२ पडलाय. अतिवृष्टी म्हणा की! ६५ च्या वर गेला की अतिवृष्टी, पंचनामे त्यावर होतात. तुमच्या ढगफुटीवर कुणाला छदाम मिळत नाही."

हा किस्सा मी ग्रुपवर टाकला. ग्रुप म्हणजे आम्ही नऊ जण, वेगवेगळ्या पेपरांतले, एरवी एकमेकांच्या तोंडची बातमी पळवणारे. अहिल्यानगर, बीड, धाराशिव आणि सोलापूर. आमच्यात सामाईक एकच गोष्ट, सीना नदी. नगरकडे उगवते आणि सोलापूरच्या खाली भीमेला मिळते. आमची पानं मात्र जिल्ह्याच्या हद्दीला संपतात. सीना-कोळेगावातून किती क्युसेक सोडलं ते धाराशिवच्या पानात, त्याच पाण्याने माढ्यात काय केलं ते दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या पानात. वाचणाऱ्याला वाटावं, दोन निरनिराळे पूर आले.

म्हणून ठरवलं, बातम्या एकमेकांना द्यायच्या. कल्पना अर्थात आमची नव्हे. २०१९ मध्ये अमेरिकेत 'कव्हरिंग क्लायमेट नाऊ' नावाचा उपक्रम सुरू झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जगभरातल्या अडीचशेहून जास्त माध्यमांनी ठरवून एक आठवडा हवामान बदलावर बातम्या केल्या आणि एकमेकांना छापायलाही दिल्या. हे वाचून मी आधी हसले होते. त्यांच्याकडे ग्राफिक्सवाले, डेटावाले. आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप. पहिले सहा महिने तिथे 'शुभ सकाळ' आणि प्रेस नोटांखेरीज काही आलं नाही, हेही सांगून टाकते.

मग गेल्या सप्टेंबरातला तो आठवडा. २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना. मी घट बसवून ऑफिसला पोचले तर ग्रुपवर परांड्याकडच्या एका स्ट्रिंगरचा, म्हणजे बातमीमागे पैसे मिळणाऱ्या वार्ताहराचा मेसेज: "पाणी मारुतीच्या तिसऱ्या पायरीला." तासाने: "पाचव्या." त्यानंतर नुसतं: "पायऱ्या दिसेनात." आकडा नाही, क्युसेक नाही, पण त्या तीन मेसेजवर मी आमच्या मोहोळच्या बातमीदाराला नदीकडे पिटाळलं. वरचं पाणी खाली यायला वेळ लागतो. तेवढाच वेळ आमच्या हातात होता. 'पाणी कुठवर आलं, पुढे कुठे जाईल' अशी नदीकाठच्या गावांची यादी पानावर घेतली. लांबोटीच्या पुलाजवळ पुणे महामार्ग थांबला, तोवर खालच्या लोकांना कळलेलं होतं. सगळ्यांना नाही. पण होतं.

दुसऱ्या दिवशी संपादक दुसरा पेपर घेऊन टेबलाशी. "यांच्याकडेपण सेम यादी?"

"हो सर, मीच दिली."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

खरी भांडणं झाली ती चौकटीवरून. सगळ्यांनी वापरायची एकच चौकट लिहायची ठरली आणि 'हा पूर हवामान बदलामुळेच' असं एकाने लिहून पाठवलं. मी अडले. 'निसर्गाचा कोप' काय नि हे काय, दोन्ही सारखेच आळशी. वायनाडला ३० जुलै २०२४ ला दरड कोसळली, तेव्हा वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्युशनच्या शास्त्रज्ञांनी दोन आठवड्यांत हिशेब मांडला, की तापलेल्या हवामानामुळे तो पाऊस सुमारे १० टक्के जास्त जोराचा झाला. असा हिशेब हाती नसताना 'मुळेच' कशाच्या जिवावर लिहायचं? शेवटी ठरलं: हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊस पडतो तेव्हा जास्त जोराचा पडण्याची शक्यता वाढते. एवढंच.

त्यावर बीडचा मित्र उखडला. "सगळं आभाळावर ढकला! ओढे कुणी बुजवले? नदीपात्रात प्लॉट कुणी पाडले?" त्याचंही खरंच होतं. चौकटीला आणखी दोन ओळी वाढल्या. एका पेपराने नेमक्या त्याच कापल्या. जाहिरात आली होती म्हणे.

उन्हाळ्यातही थोडा फरक पडला. रसवंतीवरच्या, स्कार्फ गुंडाळलेल्या पोरींचा फोटो आम्ही बंद केला. तो फोटो दरवर्षी कोणीतरी काढतोच, आणि बघणाऱ्याला ऊन म्हणजे मजा वाटते. त्याऐवजी भर दुपारी वीटभट्टीवर राबणारी बाई. मोबाइलवर काढलेला, जरा हललेला होता. तरी लावला.

त्या परांड्याकडच्या स्ट्रिंगरला बातमीमागे किती मिळतात ते लिहायची लाज वाटते. रात्रभर पायऱ्या मोजणाऱ्या त्या माणसाचं स्वतःचं दीड एकर सोयाबीन त्याच पाण्यात गेलं, आणि आम्हा नऊ जणांपैकी कुणीही ते छापलं नाही. परवा फोनवर मी विषय काढला. म्हणाला, "सोयाबीनचं राहू द्या मॅडम. त्या दिवशी मारुतीच्या फोटोखाली माझं नाव का नाही टाकलं, ते सांगा."