ट्रिगरला कुणाचा हात लागू द्यायचा

कोल्हापुरात दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर गेल्या महिन्यात एका मुलीच्या आईनं मला गाठलं. मुलगी चौदा वर्षांची, एअर पिस्तूल मारते. "ताई, तिचा ट्रिगर अडकल्यागत लागतोय म्हणती. एकजण हजार रुपयात करून देतो म्हणालाय. देऊ काय?" मी म्हटलं, देऊ नका, आधी माझं ऐका. त्या दिवशी तिला घाईत जे सांगितलं, ते इथे सविस्तर लिहिते.

मी साखर कारखान्यात हिशेब बघते. पस्तिशीनंतर नेमबाजीला लागले, त्यामुळे नवीन पिस्तूल घेणं परवडणारं नव्हतं. एका सीनियर मुलीचं जुनं घेतलं. पिस्तूल उत्तम, फक्त ट्रिगरचा दुसरा टप्पा खरखरीत. पहिला टप्पा बोटानं दाबत आणला की भिंतीला टेकल्यासारखं थांबायला हवं, आणि त्यानंतर अगदी थोड्या दाबानं, न सरकता, शॉट सुटायला हवा. माझं बोट भिंतीपाशी पोचलं की आत काहीतरी घसटत जायचं. वाळू चिमटीत धरून घासल्यासारखं. शॉट कधी सुटणार याचा अंदाज यायचा नाही, मग मी घाई करायची, आणि मनगट खाली जायचं.

ज्यांनी मारलेलं नाही त्यांना हे खुळ्यासारखं वाटेल. पण दहा मीटरवरच्या टार्गेटचा दहाचा गोल ११.५ मिलिमीटरचा असतो. पिस्तुलाची पुढची साईट, म्हणजे नेम धरायची खूण, मागच्या साईटच्या मानानं एक मिलिमीटर हलली, तर छर्रा तिकडे जवळजवळ तीन सेंटिमीटर बाजूला पडतो. असे साठ शॉट, सव्वा तासात.

तर मी ते एका माणसाकडे दिलं. ओळखीतून कळलेला, चांगल्या स्वभावाचा. त्यानं पिस्तूल हातात घेतलं, दोनदा रिकामा ट्रिगर दाबला आणि म्हणाला, "दोन तासांनी या, लोणी करून ठेवतो." आणि खरंच लोणी झालं होतं. तीन आठवडे मी खुशीत होते. माझे गुणही वाढले.

चौथ्या आठवड्यात स्पर्धा होती. मॅचआधी पिस्तूल तपासतात त्यात ट्रिगरचं वजनही बघतात. नळी उभी धरायची, ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरला मधोमध अडकवायचं आणि टेबलावरून अलगद उचलायचं. वजन उचललं गेलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. तीन संधी मिळतात. माझा पहिल्यांदा सुटला. दुसऱ्यांदाही सुटला. बाजूला जाऊन स्क्रू आवळला, तिसऱ्यांदा कसंबसं वजन उचललं. हात थरथरत होते ते मॅच संपेपर्यंत थांबले नाहीत. तेविसावा शॉट बोट नुसतं टेकल्यावर गेला, चारवर.

त्याहून वाईट पुढच्या मंगळवारी घडलं. सरावात छर्रा घालून लिव्हर बंद केली आणि पिस्तूल आपणहून सुटलं. बोट ट्रिगरजवळही नव्हतं. नळी टार्गेटकडे होती म्हणून छर्रा समोर फरशीवर आपटला, एवढंच. कोचसरांनी पिस्तूल माझ्या हातातून काढून घेतलं, नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे पिस्तूल रिकामं असल्याची खूण, घातला आणि म्हणाले, "दुरुस्त झाल्याशिवाय हे माझ्या रेंजवर यायचं नाही." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. शेजारच्या लेनवर एक बारकी पोरगी उभी होती, तेच सारखं डोळ्यांसमोर येत होतं.

माझ्या मामेभावाचं उद्यमनगरात लेथचं दुकान आहे. त्याचा हात इतका बारीक चालतो की पंपवाले लांबून त्याच्याकडे काम घेऊन येतात. मी त्याच्याकडे गेले. त्यानं दिव्याखाली भिंग लावून बराच वेळ बघितलं आणि पिस्तूल परत माझ्यापुढे सरकवलं. "अक्का, माप मी कसलंबी काढीन. पण ह्यातलं बरोबर माप कुठलं, ते मला ठाऊक नाही. मी हात लावणार नाही." मला त्याचा फार अभिमान वाटला. बिघाड काय झाला असेल तेही त्यानंच समजावलं. असल्या बारक्या भागांना वरून कडक पाणी दिलेलं असतं. तो कडकपणा फक्त सालीपुरता, आतलं पोलाद मऊ. कुणी गुळगुळीत करण्याच्या नादात ती साल घासून काढली, की पहिले काही दिवस मस्त चालतं, मग मऊ भाग झिजायला लागतो आणि पकड रोज थोडी थोडी सुटत जाते. माझे तीन आठवडे म्हणजे नेमकं तेच होतं.

मग मी फोन करत सुटले. एकानं पहिलाच प्रश्न विचारला, "किती हलका पाहिजे?" मी फोन ठेवला. ज्याला नियमाचं वजन ठाऊक आहे तो असं विचारत नाही. एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम, २५ मीटरच्या .२२ पिस्तुलाला, म्हणजे काडतुसाच्या, १००० ग्रॅम, त्याखाली जाताच येत नाही. आपल्या राही सरनोबतनं २०१८ साली इंडोनेशियात पालेम्बंगला एशियाडचं सुवर्ण मारलं ते हजार ग्रॅमच्याच ट्रिगरवर. दुसरा म्हणाला, कुरिअरनं पाठवा, बघून टाकतो. मी कसं धरते, बोटाचं कुठलं पेर टेकवते, हे न बघता तो काय बघणार होता?

तिसरे पुण्याचे एक काका. त्यांनी फोनवर दोनच गोष्टी विचारल्या, आत्ता वजन किती येतंय आणि आधी कुणी उघडलंय का. खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "पिस्तूल घेऊन तुम्ही स्वतः या. सकाळी या, उजेडात."

गेले. टेबलावर पांढरा कपडा, त्यावर भिंग आणि वजनं. कानस कुठेच नव्हती. त्यांनी पहिली पंधरा मिनिटं पिस्तूल उघडलंच नाही. मला भिंतीसमोर उभं करून वीस वेळा ड्राय फायर, म्हणजे छर्रा न घालता ट्रिगर दाबायला, लावलं आणि माझ्या बोटाकडे बघत राहिले. मग दहा वेळा वजन घेतलं आणि दहाही आकडे वहीत लिहिले. सगळ्यात कमी ४४५, सगळ्यात जास्त ५२०. "हलका आहे हे दुखणं नाही," ते म्हणाले, "दर वेळी वेगळा आहे, हे दुखणं." उघडताना प्रत्येक पायरीला फोटो. सियर, म्हणजे ट्रिगर दाबेपर्यंत शॉट अडवून धरणारा बारका भाग, काढून भिंगाखाली मला दाखवला. कडेची धार गोल झालेली आणि त्यावर आडवे ओरखडे, पॉलिश पेपरचे. नखानं चाचपलं तर जाणवत होते.

मी विचारलं, हाच नीट घासून देता येईल का? "नाही. गेलेली साल परत येत नाही. कंपनीचा नवा सियर मागवू. वेळ लागेल."

सात आठवडे लागले. तोवर मी क्लबच्या पिस्तुलावर सराव केला. परत गेले तेव्हा नवा सियर बसवलेला, आतलं वाळलेलं जुनं ग्रीस साफ केलेलं. वजन ५१५. मी हळूच म्हटलं, ५०० वर आणता येईल का, मॅचमध्ये पंधरा ग्रॅम म्हणजे खूप. त्यांनी साफ नकार दिला. "मॅच संपल्यावर पुन्हा वजन केलं आणि भरलं नाही, तर अख्खी मॅच बाद. ते पाप मी घेत नाही." मग स्क्रू कुठे आहेत, कुठल्याला मी हात लावायचा आणि कुठल्याला नाही, हे मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं. निघताना जुना सियर छोट्या पिशवीत घालून दिला. काढलेला भाग ज्याचा त्याला परत द्यायचा, ही त्यांची पद्धत.

टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मनू भाकरचं पिस्तूल ऐन मॅचमध्ये बिघडलं, मिनिटं वाया गेली, ५७५ गुणांवर अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तेव्हा लोक तिच्यावर किती तुटून पडले होते! मला ते आजही सहन होत नाही. हातातलं यंत्र बिघडल्यावर उभं राहून मारणं काय असतं, ते तेविसाव्या शॉटनंतर मला थोडंफार कळलं.

ज्यांचं .२२ आहे त्यांनी आणखी एक बघा. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करणाऱ्याकडेही परवाना लागतो. तो दाखवा म्हणायला लाजू नका.

त्या मुलीच्या आईला मी तो घासलेला सियर दाखवला, आणि माझ्याकडचं भिंगही दिलं. मुलीनंच आधी हिसकावून घेतलं. बराच वेळ बघून म्हणाली, "आई, हे तर नखाएवढंपण नाही." पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं आम्ही तिघी पुण्याला जातोय. काकांना फोन केलाय. त्यांनी तिचंही आत्ताचं वजन विचारलंय.