शेवटचे पन्नास मीटर

रविवारी स्पर्धा. आज पहाटे तलावावर फक्त बटरफ्लाय, म्हणजे दोन्ही हात एकदम पुढे टाकत पोहायचा प्रकार. पन्नास-पन्नास मीटरचे तुकडे, मधे जेमतेम दम खाण्यापुरती विश्रांती, आणि सरांची एकच अट: कितीही दमलात तरी प्रत्येक स्ट्रोकला दोन किक बसल्याच पाहिजेत. पहिली हात पाण्यात शिरताना, दुसरी हात बाहेर निघताना. अंग थकलं की ही दुसरी किक आधी गायब होते. मग कंबर बुडते, मान वर येते आणि सगळा भार खांद्यांवर पडतो. आज शेवटच्या तुकड्यात खांदे अक्षरशः पेटले होते, तरी हनुवटी पाण्याला लागूनच राहिली आणि लय सुटली नाही. काय आनंद झाला म्हणून सांगू!

दोनशे मीटर बटरफ्लाय पोहणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. साजन प्रकाशने २०२१ मध्ये रोमला याच प्रकारात १:५६.३८ अशी वेळ देऊन ऑलिंपिकची 'अ' पात्रता, म्हणजे थेट प्रवेश देणारी वेळ, गाठली. असं करणारा तो पहिला भारतीय जलतरणपटू, तेही मानेच्या दुखापतीतून सावरून.

आता रविवारपर्यंत अंतर कमी, वेग तोच. उद्या नुसते टर्न, म्हणजे भिंतीला हात लावून वळणं. दोन्ही हात भिंतीला एकाच वेळी लागले नाहीत तर थेट बाद, म्हणून तेच घोटायचं आहे.