भोवती आणि वर

घुमटाला तळ असतो का, या प्रश्नात परवाची अख्खी दुपार गेली.

घुमट म्हणजे लिओमंडची टायनी हट, डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन, फासे टाकत खेळायच्या खेळातला एक स्पेल, म्हणजे मंत्र. खेळणाऱ्यांना ती समजावून सांगायला नको. विझार्ड, म्हणजे जादूगार, पाचव्या पातळीला पोचला रे पोचला की टेबलावरचं कुणीतरी त्याच्या मागे लागतंच, हट घे, हट घे. दहा फूट त्रिज्येचा घुमट, आठ तास टिकणार, आत कोरडं आणि सुखाचं, बाहेर पाऊस पडो नाहीतर ऑर्क येवोत. आमची सगळी मंडळी आत पथाऱ्या पसरून आडवी झाली, आणि मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या, राक्षसही स्वतःच खेळवणाऱ्या माणसाने विचारलं, "खाली साधी मातीच आहे ना?"

मास्टर इतक्या सौजन्याने बोलायला लागला की खुशाल समजावं, मातीखाली काहीतरी आहे. होतंच. बुलेट होता. पाठीवर शार्कसारखा पर असलेलं, जमीन पोखरत येणारं ते धूड. (हा प्राणी मुळात स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांमधून आलेला. खेळाचा एक जनक गॅरी गायगॅक्स याच्या टेबलावर तसल्याच खेळण्यांवरून आउलबेअर आणि रस्ट मॉन्स्टरही जन्माला आले. त्यामुळे त्याच्याकडून अब्रूने खाल्लं जाणं शक्यच नाही, असं मला नेहमी वाटतं.)

२०१४च्या प्लेयर्स हँडबुकात, म्हणजे खेळाच्या नियमपुस्तकात, लिहिलंय की घुमट तुमच्या भोवती आणि वर उभा राहतो. भोवती आणि वर. खालचं काहीच नाही.

"लिहिलं नाही म्हणजे नाही," मास्टर म्हणाला.

"बाहेरच्या कुणालाही घुमटातून आत येता येत नाही, असं स्वच्छ लिहिलंय," आमचा विझार्ड.

"घुमटातून ना? मी घुमटातून आलोच नाही. मी खालून आलो."

आता तो 'मी' म्हणायला लागला होता. मास्टर राक्षसाच्या वतीने प्रथमपुरुषी बोलायला लागला की तडजोडीची वेळ निघून गेली असं धरून चालावं.

अशा वेळी मी सगळ्यांना नकोशी होते, कारण मला एक खोड आहे. मी म्हणते, आधी वाच. पहिल्या शब्दापासून, मोठ्याने, अंतर, कालावधी, साहित्य सगळं धरून. "त्यात असं आहे की" अशी सुरुवात मला चालत नाही. माणसाला स्पेल आठवतो तो नेहमी त्याच्या सोयीचाच आठवतो. विझार्डच्या आठवणीत त्रिज्या वाढते, मास्टरच्या आठवणीत कालावधी आटतो, आणि कन्सन्ट्रेशन, म्हणजे सतत लक्ष, लागतं हे तर ज्याचा स्पेल त्याला कधीच आठवत नाही. वाचून झालं की बहुतेक वेळा दोघंही चुकलेले निघतात, आणि मग भांडण जास्त रंगतं.

परवाही वाचायला लावलं, आणि तळाचं राहिलं बाजूला, भलतंच हाती लागलं. स्पेल टाकताना ज्या व्यक्ती आणि वस्तू घुमटात असतील, त्यांना घुमटातून हवं तसं ये-जा करता येतं. म्हणूनच आमची धनुर्धारी आत उशीला टेकून बाहेरच्या गॉब्लिनांना आरामात टिपत असते. तिचे बाण मुळात आतले. हे आम्ही किती वेळा केलंय आणि दर वेळी स्वतःच्या हुशारीवर खूश झालोय. मास्टरने तेच वाक्य दोनदा वाचलं. मग हळूच म्हणाला, "तुझा नेम चुकलेला बाण बाहेर पडलाय. तो गॉब्लिनने उचलला तर?"

टेबलावर कुणी काही बोललं नाही. बाण आमचा. स्पेल टाकताना तो घुमटात होता. त्याला ये-जा करायची मुभा आहे, आणि आता तो कुणाच्या धनुष्यावर चढलाय याची पुस्तकाला फिकीर नाही. गॉब्लिनला बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नाही. बाण दिसला, उचलला, मारला. आजवर त्याचे स्वतःचे सगळे बाण घुमटावर आपटून पडले होते. हा आत आला आणि धनुर्धारीच्या मांडीत घुसला. बुलेटला सगळे विसरले.

लहानपणी विषामृत खेळताना आमच्यात हेच व्हायचं. ज्याच्यावर राज्य त्याने विष दिलं की आपण थिजायचं, गड्याने अमृत दिलं की सुटायचं. म्हणजे दोन्ही स्पेल, पल्ला फक्त स्पर्शाचा. पण स्पर्श कशाला म्हणायचं? मी जिवाच्या आकांताने धावतेय, मागून फ्रॉकच्या घेराला बोटं लागतात, विष! मी थांबत नाही. फ्रॉकला लागलं, मला कुठे लागलं? खेळ बंद, सगळे गोल करून उभे, घामेजलेले चेहरे, जो तो एकाच वेळी बोलतोय. शेवटी वयाने मोठ्या चुलतभावाने निकाल दिला: अंगावरचं ते अंगच. सगळ्यांनी मान्य केलं, मीही, नाइलाजाने.

आणि मग दुसऱ्याच डावात माझी रिबीन वेणीतून सुटून विष देणाऱ्याच्या मुठीत राहिली. लागली तेव्हा ती अंगावर होती. विष शब्द तोंडातून निघेपर्यंत ती अंगावर नव्हती. चुलतभाऊ बराच वेळ त्या रिबिनीकडे पाहत राहिला. मग आतून हाका आल्या आणि तो खटला तसाच राहिला. माझ्या मते मी सुटलेलीच आहे.

पुढे बऱ्याच वर्षांनी फायरबॉल, आगीचा गोळा फेकणारा स्पेल, पहिल्यांदा नीट वाचला. आवाक्यातल्या पेट घेणाऱ्या वस्तूंना आग लागते, मात्र कुणी अंगावर घातलेल्या किंवा हाती धरलेल्या वस्तू सोडून. माणूस भाजून निघतो, पण अंगरखा शाबूत. म्हणजे चुलतभावाचा निकाल तिथेही लागू. पण मशाल हातातून त्याच क्षणी निसटली असेल तर? हे मी एका मास्टरला विचारलं होतं. त्याने मला पुढचे काही सेशन संशयाने वागवलं.

हा आजार आजकालचा नाही. खेळ आला १९७४ साली, तीन छोट्या पुस्तिकांमध्ये. मॅजिक मिसाइल हा जादूच्या बाणाचा स्पेल पुढच्याच वर्षीच्या पुरवणीत आला, आणि त्यात लिहिलं होतं की हा बाण ज्या प्राण्याला लागेल त्याला अमुक इजा. लागेल! पण तो लागतोच, की लागण्यासाठी फासा टाकायचा? १९७७च्या बेसिक संचाने सांगितलं, टाकायचा. १९८१च्या संचाने सांगितलं, आपोआप लागतो. मधली वर्षं टेबलाटेबलावर काय रण माजलं असेल याची मी फार आनंदाने कल्पना करते.

माझा लाडका मात्र एल्ड्रिच ब्लास्ट, वॉरलॉक या दुसऱ्या जातीच्या जादूगाराचा स्पेल. २०१४च्या पुस्तकात तो फक्त प्राण्यावर टाकता येतो, वस्तूवर नाही. त्यामुळे ज्या वॉरलॉकने डीमन लॉर्डच्या छाताडात भगदाड पाडलं, त्याला एक कुजकं दार फोडता येत नाही. यावर कुणीही रडलं असतं. पण वॉरलॉक खेळणारी माणसं वेगळ्या मातीची. ती प्रत्येक पेटीसमोर उभी राहून म्हणतात, "हिच्यावर ब्लास्ट." पेटी खरीच पेटी असेल तर स्पेल जात नाही; गेला तर ती पेटी नव्हेच, पेटीचं सोंग घेतलेला मिमिक. नियमातली उणीवच मिमिक ओळखायचं यंत्र झाली! २०१७च्या झनाथर्स गाइड या नियमांच्या पुरवणीने यावर उतारा काढला: चुकीच्या लक्ष्यावर स्पेल टाकला तर काहीच होत नाही, आणि का झालं नाही तेही कळत नाही. पुढे २०२४च्या आवृत्तीत ब्लास्ट वस्तूंवरही चालायला लागला. आता दारं फुटतात. मला थोडं वाईट वाटलं.

सजेशन, म्हणजे समोरच्याला सुचवलेलं करायला लावणारा स्पेल, त्याचं दुखणं वेगळं. २०१४च्या पुस्तकात एकच शब्द सगळा घोटाळा करतो: सुचवलेली गोष्ट वाजवी वाटली पाहिजे. वाजवी कुणाला? सुचवणाऱ्याला, ऐकणाऱ्याला, की दुपारी उशिरा डोकं दुखायला लागलेल्या मास्टरला? आणि पुस्तकात उदाहरण काय दिलंय, तर सरदारीणबाईने वाटेत भेटेल त्या पहिल्या भिकाऱ्याला आपला लढाईचा घोडा देऊन टाकावा. हे वाजवी! हे वाजवी असेल तर राजाने आम्हाला किल्ल्या द्याव्यात यात अवाजवी काय, असं आमचा गवई बार्ड विचारतो, आणि त्याला उत्तर देता येत नाही. दुसरीकडे, अदृश्य माणूस तुम्हाला सी इन्व्हिजिबिलिटीमुळे लख्ख दिसत असला, तरी २०१४चं पुस्तक शब्दशः वाचलं तर त्याच्यावर वार करताना डिसअॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा) राहतंच. नियमकर्त्यांनी विचारल्यावर तसंच सांगितलंही होतं. त्या दिवशी आमच्या टेबलावर पुस्तक पहिल्यांदा बंद झालं आणि अक्कल वापरायचं ठरलं. तेही दोनच सेशन टिकलं.

नियम स्वच्छ लिहिले की भांडणं मिटतील असं म्हणणाऱ्यांना मी १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीतला फायरबॉल दाखवते. तिथे सरळ लिहिलंय की आग जागेचा आकार घेते आणि एकूण सुमारे ३३,००० घनफूट जागा भरते, म्हणजे दहा फुटी तेहतीस घन. शंकेला जागा नाही. आता दहा फूट रुंद, दहा फूट उंच बोळात तो टाका. तेहतीस घन एकापुढे एक मांडा आणि आपण कुठे उभे आहोत ते पाहा. वाद नाही, फक्त राख.

२०२४च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये आता बजावूनच ठेवलंय की नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे. रांगेत उभ्या केलेल्या माणसांनी सहा सेकंदांत भाला हातोहात पुढे सरकवून त्याला प्रकाशाचा वेग द्यायचा, असली अक्कलहुशारी करू नका, आणि नियम चांगल्या मनाने वाचा. वाचून मला हसू आलं. चांगल्या मनाने तर सगळेच वाचतात. आमचा विझार्ड अत्यंत चांगल्या मनाने विचारतो की क्रिएट वॉटरचं पाणी उघड्या भांड्यात पडतं, तर तोंड उघडं असताना फुप्फुस हे उघडं भांडं का नाही? मी अशा वेळी ठाम 'नाही' म्हणते. हाच स्पेल येणारा शत्रूचा क्लेरिक, म्हणजे पुजारी, समोर असताना तर फारच ठाम म्हणते.

आणि मग विश, मागाल ती इच्छा पुरी करणारा स्पेल. पुस्तक म्हणतं, इच्छा मास्टरला शक्य तितक्या नेमकेपणाने सांगा. पण हिरण्यकश्यपूने याहून नेमकं काय सांगायला हवं होतं? माणूस नको, पशू नको, घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको. यादी जितकी लांब, तितका तिच्यातला उंबरठा स्पष्ट दिसतो. पुस्तकातलंच उदाहरण घ्या: खलनायक मरू दे अशी इच्छा केलीत, तर कदाचित तुम्हालाच अशा भविष्यात नेऊन टाकलं जाईल, जिथे तो आधीच मेलेला आहे. शिवाय दुसऱ्या एखाद्या स्पेलची नक्कल न करता असलं काही स्वतःचं मागितलंत, तर विश पुन्हा कधीच टाकता न येण्याची शक्यता ३३ टक्के. म्हणजे वाक्य एकदाच म्हणायचं आहे असं धरूनच लिहावं.

विश मिळायला विझार्डला सतरावी पातळी लागते. माझा एकही विझार्ड तिथवर पोचलेला नाही. ते मरतात म्हणून नव्हे. खेळणारी माणसं पांगतात, कुणाची बदली होते, कुणाला मूल होतं, कुणी नुसतंच फोन उचलेनासं होतं, आणि पात्रं कुठल्याशा सरायीत बसून राहतात. तरी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर विशचं वाक्य तयार आहे. अधूनमधून काढून तपासते. मागे त्यातला 'सगळे' खोडला, कारण सगळे म्हणजे कोण हे मास्टर विचारणारच. मग 'पुन्हा' खोडला. आता बरंच आखूड झालंय, आणि माझ्या मते कुठूनही धरता येणार नाही असं झालंय. इथे लिहिलं असतं, पण मास्टर लोकही वाचतात.