आमची वाटचाल : प्रूफांपासून ‘दुसऱ्या वाचना’पर्यंत

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ आम्ही डीटीपी आणि मुद्रितशोधन सुरू केलं तेव्हा कामं ठरलेली होती. गाइडं, व्यवसायमाला, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आणि पावसाळा सरता सरता दिवाळी अंक. दर फर्म्यावर, सोळा पानांचा एक फर्मा. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, मजकुरात नाक खुपसायचं नाही.

पण प्रूफ वाचणाऱ्याला मजकूर दिसतोच. म्हणींच्या यादीत ‘गाव तिथे महारवाडा’ बिनबोभाट छापली जायची, कारण नवं गाइड जुन्या गाइडवरूनच बेततात. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचा निर्णय घेतला, आणि एका प्रकाशकाचा फोन आला : आमच्या पुस्तकांत असलं काय काय राहिलंय, बघून द्याल का? तिथून हे काम वेगळं झालं. घरात आम्ही त्याला ‘दुसरं वाचन’ म्हणतो. बिलावर ‘संवेदनशीलता परीक्षण’ असं छापतो. जीएसटीवाल्याला तेवढं भारदस्त लागतं.

बहुतेकांना शब्दांची यादी हवी असते. हा काढा, तो घाला, झालं. ती मी देत नाही. आमच्याकडे असा मजकूर तपासणारे एक अंध वाचक आहेत. श्रीलिपीच्या जुन्या फाँटमधली फाइल त्यांच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचता येत नाही, म्हणून आधी ती युनिकोडमध्ये बदलून पाठवतो. ‘आंधळा मागतो एक डोळा’वर लाल खूण येईल असं मला वाटलं होतं. त्यांनी ती म्हण तशीच सोडली आणि खूण केली एका कथेवर. “ताई, तुमच्या पुस्तकांतला आंधळा नेहमी गातोच का? त्याला कधी बँकेत नोकरी लागत नाही?” हे कुठल्या यादीत बसवणार?

दहावीच्या बातमीलेखनाच्या नमुन्यात ‘पारधी टोळीचा दरोडा’ असा मथळा होता. पारधी समाजातल्या आमच्या वाचकाने समासात एवढंच लिहिलं : बाकीच्या बातम्यांत आरोपीची जात कुठे आहे? इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने असे कितीतरी समाज जन्मानेच गुन्हेगार ठरवले. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, मथळा राहिला. प्रकाशकाने अख्खा नमुनाच बदलला, हे त्याचं मोठेपण.

उलटंही होतं. एका आत्मकथनातला ‘महारवाडा’ खोडून ‘भीमनगर’ करा, असा आग्रह झाला. आम्ही नाही म्हटलं. लेखक तिथे वाढला आहे, त्याच्या लहानपणी वस्तीला गाव काय म्हणत होतं हे त्यानेच सांगायचं. कादंबरीतलं पात्र जातीवरून शिवी देत असेल तर तीही आम्ही काढत नाही. निवेदक स्वतःच तशा नजरेने बघायला लागला, तर मात्र समासात प्रश्न टाकतो. पुढचा निर्णय लेखकाचा.

पतसंस्थांचे फॉर्म हे आमचं सगळ्यात कंटाळवाणं आणि मला वाटतं सगळ्यात उपयोगाचं काम. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्यानंतर अशी विचारणा वाढली. सौ., श्रीमती, कु. हे रकाने बचत खात्याच्या फॉर्मवर कशाला? बाईचं नाव पुरतं. २०२३ मध्ये विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ असं संबोधन सुचवलं गेलं आणि त्यावर टीका झाली, तेव्हा एका संचालकांनी विचारलं, मग आता काय लिहायचं? काहीच नाही, असं उत्तर दिलं. रकाना गेला, कागदही वाचला.

पैशाचं सांगायला हवं. ज्यांच्याविषयी मजकूर आहे त्यांच्यातल्या वाचकाला आम्ही मानधन देतो आणि ते बिलात वेगळं दाखवतो. “ओळखीतल्या कुणाला विचारा की, दोन मिनिटांचं काम,” असं म्हणणारी गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत.

निवडणुकीची पत्रकं घेत नाही. दिवाळी अंकांचा मजकूर जुलैअखेर पाठवावा. त्यानंतर आलेल्याची फक्त प्रुफं बघितली जातील.