तांदळात लिहिलेलं नाव आणि ईसीएचएसचं कार्ड

अप्पा 1994 साली लष्करातून हवालदार म्हणून रिटायर झाले. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठीची आरोग्य योजना, सुरू झाली एप्रिल 2003 मध्ये. 1 जानेवारी 1996 च्या आधी निवृत्त झालेल्यांना वर्गणी माफ, त्यामुळे आम्हाला काही भरावं लागलं नाही. आईच्या बीपीच्या गोळ्या योजनेच्या दवाखान्यातून, म्हणजे पॉलिक्लिनिकमधून यायच्या, सगळं बरं चाललं होतं. मग जुनी कार्डं बंद होऊन 64 केबीचं नवं कार्ड आलं. त्याला आधार लागतं. आमची गाडी तिथेच रुतली, ती सात महिने.

ऑनलाइन फॉर्म मी एका संध्याकाळी भरला. बारा दिवसांनी परत आला. कारण काय, तर ‘नाव जुळत नाही’. तेवढंच, पुढे काय करायचं ते नाही.

लष्कराच्या रेकॉर्डला आई ‘सुनंदा’. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव अप्पांनी कारकुनाला सांगितलं होतं. आधारवर ‘शेवंता’, शाळेच्या दाखल्यावरचं माहेरचं नाव. त्यात जन्मतारखाही दोन. दाखल्यावर अर्थातच 1 जून, मास्तरांची कृपा. रेकॉर्डला वेगळीच. अप्पांनी चाळीस वर्षांत तिला दोन्हीपैकी एकाही नावाने हाक मारलेली नाही, त्यामुळे त्यांना यात अडचण काय तेच कळेना.

रेकॉर्ड ऑफिसला पत्र पाठवलं. महिना गेला. फोन केला तर ‘पत्र मिळालं नाही’. पुन्हा रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं, पोचपावतीसह. मग कळलं की प्रतिज्ञापत्र हवं. ते करून पाठवलं, तर अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या सही-शिक्क्यानिशी हवा होता. हे पहिल्याच फोनवर सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? दरवेळी एकच कागद सांगायचा, जणू मागितल्याशिवाय दुसरा द्यायचाच नाही असा हुकूम आहे. मधल्या काळात गोळ्या मेडिकलमधून विकत आणल्या. आई म्हणायची, “राहू दे बाबा, मला काय होतंय?” मला त्याचाच जास्त राग यायचा.

म्हणून सांगतो, फॉर्म भरण्याआधी डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि आधार शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. स्पेलिंगमधला एक ‘ए’ कमी असला तरी थांबा. हे वडील हयात असतानाच उरका, कारण पुढे फॅमिली पेन्शनलाही हेच नाव आडवं येतं.

शेवटी पार्ट टू ऑर्डर, म्हणजे रेकॉर्डमधल्या बदलाचा लष्करी आदेश, निघाली. ती जोडून पुन्हा अर्ज केला, पुढचं फार लांबलं नाही. कार्ड हातात येण्याआधी तात्पुरती स्लिप निघते, तिच्यावर उपचार मिळतात. प्रिंट काढून ठेवा. मला हे पॉलिक्लिनिकमध्ये रांगेतल्या एका निवृत्त सुभेदार साहेबांनी सांगितलं, तोवर मी आठवडाभर उगाच कार्डाची वाट बघत बसलो होतो.

आणि हो, इमर्जन्सीत जवळ असेल त्या हॉस्पिटलात न्या, ते यादीतलं नसलं तरी. फक्त 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. बिल आधी आपणच भरायचं, मंजूर होतं ते सरकारी दरानेच. कळवल्याचा पुरावा मात्र ठेवा, नाहीतर पुन्हा ‘पत्र मिळालं नाही’.