घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि मधे लटकलेले एकोणसाठ

सोलापुरात एखाद्याची भाषा कुठली हे ओळखायचं असेल तर त्याला बोलू देऊ नका, नोटा मोजायला द्या. बोलताना सगळे मराठीच बोलतात, तेही आमचं ते 'काय करलालास बे' वालं मराठी, पण मोजताना ओठ हलायला लागले की खरं बाहेर येतं. पूर्व भागातला दुकानदार तेलुगूत पदि, इरवै, मुप्पै करत जातो, अक्कलकोटकडून आलेली भाजीवाली कन्नडमध्ये हत्तु, इप्पत्तु, मूवत्तु, आणि विजापूर वेशीत दस, बीस, तीस. हिशोब झाला की तिघंही वर बघून सांगणार मराठीतच. मला हे लहानपणापासून इतकं सवयीचं आहे की पुण्यात हॉस्टेलला गेल्यावर सगळेच एका भाषेत मोजतात हे बघून जरा चुकल्यासारखं झालेलं.

आता मी घरी ट्यूशन घेते, दुसरी ते चौथीची पोरं. निम्म्याहून जास्त पद्मशाली घरातली, म्हणजे ज्यांचे आजोबा-पणजोबा तेलंगणातून इकडं मागावर काम करायला आले आणि इथलेच झाले. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, टीव्हीवर हिंदी. बोलण्यात कुठंही अडत नाहीत, माझ्यापेक्षा जास्त चुरुचुरु बोलतात. अडतात ते आकड्यांत.

तिसरीतला एक पोरगा आहे, हुशार, उत्तरं तोंडी पटापट देतो. त्याला म्हणलं एकोणसाठ लिही, तर लिहिलं ६१. त्याचं काय चुकलं सांगा बघू? एक ऐकलं, साठ ऐकलं, लिहिलं. बावन्न म्हणलं तर २५, कारण 'बा' आधी आला आणि 'बा' म्हणजे दोन हे त्याला बारा-बावीसवरनं कळलेलं. मी परत सांगणार तेवढ्यात बाहेर कट्ट्यावर त्याची अव्वा बसलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं, बिड्या वळता वळता नातवाची वाट बघत होती. तिनं मान पण वर केली नाही, हात चालूच, फक्त म्हणाली 'याभै तोम्मिदि'. पोरानं खोडलं आणि ५९ लिहिलं. मग मला म्हणते, "बाई, त्याला येतंय की सगळं, तुमीच उलटं सांगताय."

आणि अव्वाचं खरंच आहे हो. तेलुगूत याभै म्हणजे पन्नास, तोम्मिदि म्हणजे नऊ. जसं लिहायचं तसंच म्हणायचं, आधी दशक मग एकक. कन्नडमध्येही तसंच, बावन्न म्हणजे ऐवत्तेरडु, पन्नास आणि दोन. (अकरा ते एकोणीस तिकडंही जरा आडवळण आहे, बाराला तेलुगूत पन्नेंडु म्हणतात, पण विसाच्या पुढं रस्ता सरळ.) मराठीत मात्र एकक आधी, दशक नंतर, आणि ते दोन्ही इतके एकमेकांत विरघळलेले की बावन्न, त्रेपन्न, पंचावन्न यातला पन्नास शोधावा लागतो. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस म्हणजे तर पुढच्या दशकातनं एक वजा. लिहायचं २९ आणि तोंडात तीस! आपण पाठ करून बसलोय म्हणून कळत नाही, पण नव्यानं शिकणाऱ्याला हे शंभर वेगवेगळे शब्दच आहेत. जर्मनमध्येही एकक आधी म्हणतात आणि तिथली पोरंही असेच आकडे उलटे लिहितात, यावर अभ्यास झालेत. उलट चिनी भाषेत अकराला सरळ 'दहा एक' म्हणतात, तर तिथल्या छोट्या पोरांना अकरा ते एकोणीस मोजणं अमेरिकन पोरांपेक्षा सोपं जातं. डोकी सगळ्यांची सारखीच की, फरक भाषेतला.

२०१९ ला बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं घातलं तेव्हा काय दंगा झाला होता आठवतंय का? मराठीचा खून वगैरे, व्हॉट्सॲपवर जोक, विधानसभेपर्यंत विषय. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर बिचाऱ्या समजावून सांगत होत्या की जोडाक्षरांमुळे पोरं घाबरतात, दाक्षिणात्य भाषांत असंच म्हणतात. मला तेव्हा तो प्रकार कानाला खटकलाच, आजही खटकतो. मला बावीस-तेवीस आवडतात, त्यात एक लय आहे, पाढे त्या लयीवरच पाठ होतात. पण माझ्या कानाला काय आवडतं यावर दुसऱ्याच्या पोराचं गणित का ठरावं? मी ट्यूशनमध्ये आता दोन्ही घेते. आधी घरच्या भाषेत म्हण, मग लिही, मग मराठीत वाच. पद्धत काही फार भारी नाही, पण '५९ का ६१' हा घोळ बऱ्यापैकी कमी झाला.

मला राग कशाचा येतो माहितीय का, २०२५ ला पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा जीआर आला, मग बदलला, मग जूनअखेरीस मागं घेतला, तेवढे महिने टीव्हीवर नुसती आदळआपट की एवढ्याशा पोराला तीन भाषा झेपतील का. सक्तीला माझाही विरोधच होता. पण त्या सगळ्या चर्चेत एकानंही विचारलं नाही की ज्या पोराला शाळेत यायच्या आधीच तीन भाषा येतात त्याचं काय करायचं. त्याची घरची भाषा शाळेत मोजलीच जात नाही. उलट 'घरात मराठी बोला जरा' असा सल्ला पालकांना मिळतो. घरात आज्जीला मराठी धड येत नाही, मग ती नातवाशी गप्पा मारायचं बंद करणार की काय?

बरं, हे शहर कुणाचं म्हणायचं? ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातले, त्यांची वचनं कन्नडमध्ये. आणि त्यांच्याच गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या काठ्या निघाल्या की आम्ही ओरडतो 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र'. दुसरीकडं दक्षिण सोलापूर तालुक्यात, जिथं गावंच्या गावं कन्नड बोलतात, तिथं हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेच्या संगमावरच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा मराठी शिलालेख. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक! मराठीला अभिजात दर्जा मिळाला २०२४ च्या ऑक्टोबरात तेव्हा सगळीकडं स्टेटस पडले, आणि हा दगड आहे कन्नड बोलणाऱ्यांच्या शेजारी. त्यांनीच सांभाळलाय म्हणायचं. भाषेवरनं भांडायला येणाऱ्यांना आधी तिकडं एक चक्कर मारायला लावली पाहिजे, येताना संगमही बघून होतो.

आता २०२७ ची जनगणना आहे. त्यात मातृभाषा एक लिहितात आणि येणाऱ्या आणखी दोन. शेजारच्या अण्णांना विचारलं काय सांगणार, तर म्हणाले तेलुगू. त्यांचा मुलगा म्हणाला, "पप्पा मला तर लिहायला-वाचायला येत नाही, मी मराठी सांगणार." अण्णा दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले, "बोलतोस कशात? भांडतोस कशात?" भांडण खरंच तेलुगूतच चाललेलं. जनगणनेला वाचता येण्याशी काही देणंघेणं नाही, लहानपणी आई कुठल्या भाषेत बोलायची एवढंच बघतात, हे मी सांगितलं, तर पोरगा म्हणतो, आई तर दोन्हीत बोलायची, मारताना तेलुगू आणि पाहुणे आले की मराठी.

त्या पोराची मुलगी आता इंग्लिश मीडियमला आहे. तिला मी पालक आणायला पाठवलं, भाजीवाली म्हणाली पंचेचाळीस, ही परत आली विचारायला, "मॅम, फोर्टी फाइव का फिफ्टी फोर?" मी म्हणलं अगं तिलाच विचार की. तर म्हणे तिला इंग्लिश येत नाही. शेवटी भाजीवालीनंच डोकं चालवलं, विसाच्या दोन नोटा आणि पाचचं नाणं गल्ल्यातनं काढून तिच्यापुढं ठेवलं, 'इष्टु', म्हणजे एवढे, म्हणाली, आणि पोरीनं फोनवरनं बरोब्बर पंचेचाळीस पाठवले.